सात अठ्ठावन्नची लोकल सात एकोणपन्नासची झाली, आणि रोजच्या प्रवासात आपण नेमकं कशाशी तुलना करतो हा प्रश्न पडला

डोंबिवलीकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितेय, थोडं लांबेल.

मी डोंबिवलीहून सीप्झला जाते, २०११ पासून. आधी घाटकोपरला उतरून ३४० नंबरची बस आणि पुढे मरोळ नाक्याहून रिक्षा, मग जून २०१४ ला मेट्रो वन आली तेव्हा बस सुटली पण मरोळ नाक्यापुढची रिक्षा राहिलीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीन आली आणि आता मरोळ नाक्याला खाली उतरून थेट सीप्झ. रिक्षाची रांग गेली, तो जॅम गेला, माझे एका बाजूचे निदान तेरा-चौदा मिनिटं वाचतात. साडेनऊला टेकायचे ती आता सव्वानऊला जागेवर असते.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. आमची ७:५८ची फास्ट, जिच्यात मी आणि आमचा नऊ जणींचा ग्रुप गेली आठ वर्षं बसतोय म्हणजे खरं तर बहुतेक उभ्याच असतो, ती ७:४९ झाली. नऊ मिनिटं. आणि मी सांगते, माझं आठवडाभर कशात लक्ष नव्हतं. डबा, पाणी भरणं, मुलाची व्हॅन, सगळं त्या नऊ मिनिटांनी विस्कटलं. घरी चिडचिड, ग्रुपवर चिडचिड. एका रात्री नवऱ्यानं शांतपणे विचारलं की मेट्रो तीन आली तेव्हा तुझी रोजची पाऊण तास नाही पण अर्धा तास जवळजवळ वाचली, तेव्हा तू किती दिवस खूश होतीस? मी आठवून बघितलं. चार दिवस. फार तर पाच. त्यानंतर ते सव्वानऊला पोचून चहा घेणं हे माझ्या हक्काचंच होऊन गेलं होतं.

मग मी वाचायला लागले. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये मांडलेली प्रॉस्पेक्ट थिअरी बऱ्याच जणांना माहीत असेल, कानेमनना त्यासाठी २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की तोवर गेले होते. त्यातला गाभा असा की माणूस एखादी गोष्ट सुटी मोजत नाही, मनात एक खुंटी ठोकलेली असते आणि तिथपासून वर किती खाली किती ते बघतो. संदर्भबिंदू म्हणतात त्याला. आणि खुंटीच्या खाली गेलेलं, म्हणजे गमावलेलं, तेवढ्याच कमावलेल्यापेक्षा जास्त लागतं. त्यांच्याच १९९२ च्या हिशेबात साधारण सव्वादोन पट.

माझी खुंटी ७:५८ होती. घड्याळाप्रमाणे मी आजही २०११ च्या मानानं खूप फायद्यात आहे, पण मी २०११ शी तुलना करतच नाही. तुमची खुंटी कुठे आहे? गाडी, पास, सीट, मस्टर, भाडं? आणि तिच्यामुळे तुम्ही काही भलतंच निवडताय असं कधी लक्षात आलंय का?

पासवाला_ठाणे

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. माझी खुंटी पास आहे.

तीन महिन्यांचा फर्स्ट क्लासचा पास काढला की त्या दिवसापासून लोकल मला फुकट. खरं म्हणजे फुकट नाही, पैसे गेलेत, पण डोक्यात शून्य रुपये हीच लेव्हल बसते. मग कधी पाऊस झाला, गाड्या बोंबलल्या, आणि समोर एसी लोकल आली तरी तिकीट काढायला हात जात नाही, कारण पास असताना वर पैसे म्हणजे तोटा. दोन वेळा मी दादरला चाळीस मिनिटं उभा राहिलोय, समोरून एसी गेली, आत जागा दिसत होती. चाळीस मिनिटं मी मोजली नाहीत, तिकिटाचे पैसे मोजले.

एसीचंच बघा. २५ डिसेंबर २०१७ ला पहिली एसी लोकल वेस्टर्नला धावली आणि कित्येक वर्षं ती रिकामीच दिसायची. मग ५ मे २०२२ पासून सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आणले, पाच किलोमीटरपर्यंतचं ६५ चं ३० झालं. माझ्या ऑफिसात तेव्हा दोन तट पडले होते. जे रोज टॅक्सीनं येणारे ते म्हणाले अरे वा, तीसमध्ये एसी. आणि जे सेकंडनं येणारे ते म्हणाले पाच रुपयाच्या ठिकाणी तीस? तिकीट एकच, तीस रुपयांचंच. एक जण वरून खाली बघत होता, दुसरा खालून वर.

वेळेचा_हिशेब

धागा आवडला. मी वाहतूक नियोजनात काम करतो, त्यामुळे जरा तांत्रिक भर घालतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

नोकरदाराच्या बाबतीत ही खुंटी एक नसते, बहुतेकदा दोन असतात. क्योटोचे र्‍युइची कितामुरा आणि मेतिन शेनबिल यांनी २००४ मध्ये घरून निघण्याच्या वेळेचा अभ्यास याच चष्म्यातून केला होता. एक खुंटी म्हणजे कामाची वेळ, मस्टरची. दुसरी म्हणजे त्याच्याही आधीची, की याच्यापेक्षा लवकर पोचून मी तिथे करू काय. या दोन्हीच्या मधे पोचलात तर बरं वाटतं, कुठल्याही बाजूनं बाहेर पडलात तर नुकसान. पण दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नसतं. केनेथ स्मॉल यांनी १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बे भागातल्या नोकरदारांवर जो हिशेब काढला त्यात उशिराचं एक मिनिट हे लवकर पोचण्याच्या एका मिनिटाच्या जवळपास चौपट जड निघालं. लेटमार्क असलेल्या कुणालाही हे पेपर न वाचता माहीत असतं म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रॉस्पेक्ट थिअरीत आणखी एक आहे: माणूस फायद्यात असला की जपून खेळतो आणि तोट्यात गेला की जुगार खेळतो. घाटकोपर स्टेशनला सकाळी उभे राहून बघा. समजा मस्टर साडेनऊचं आहे. वेळेत असलेला माणूस मेट्रोच्या रांगेत शांत उभा राहतो, रांग लांब असली तरी, कारण मेट्रो किती वाजता पोचवणार हे त्याला माहीत आहे. पण ज्याची गाडी वीस मिनिटं लेट आली, ज्याला कळलंय की मेट्रोनं गेलो तर नऊ चाळीस नक्की, तो खाली उतरून रिक्षा पकडतो. रस्ता मोकळा मिळाला तर नऊ सत्तावीस, नाही मिळाला तर दहा. सरासरी काढली तर मेट्रोच बरी. पण मेट्रोत उशीर ठरलेला आहे आणि रिक्षात वाचायची एक शक्यता तरी आहे. रस्त्यावर सगळ्यात जास्त गर्दी होते ती नेमकी ट्रेन विस्कळीत असतात त्या दिवशी, आणि त्याच दिवशी रिक्षा पकडणारे वाढतात.

धावती गाडी पकडणं, रुळ ओलांडणं, दाराला लटकणं, हे सगळं याच मनःस्थितीत होतं हे मला राहून राहून वाटतं. घरून निघताना कुणी जीव धोक्यात घालायचं ठरवत नाही. उशीर झालाय हे कळल्यावर ठरतं.

विरार_रोजचा

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

हे सगळं ठीक आहे पण विरार-नालासोपाऱ्याच्या माणसाला निवड असते असं गृहीत धरलंय तुम्ही. आम्ही गाडी निवडत नाही. जिच्यात शिरता येईल ती आमची गाडी. बोरिवलीला उतरायचंय म्हणून विरार फास्टमध्ये चढून बघा एकदा, मग खुंटी बिंटी कळेल. मानसशास्त्राआधी गाड्या वाढवा, पंधरा डब्यांच्या वाढवा.

आणि सीटसाठी डाऊन करून येणारे आहेत त्यांचं काय? आमच्याकडे नालासोपाऱ्याची माणसं उलटी विरारला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात, तुमच्याकडे डोंबिवलीचे कल्याणला जातात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त घालवतात रोज. वेड लागलंय का त्यांना? गुडघे दुखतात म्हणून जातात.

डोंबिवलीकरीण

@विरार_रोजचा, राग कसला दादा, बरोबर आहे तुमचं. गाड्या वाढायलाच हव्यात, त्याला माझा धागा आड येत नाही.

पण डाऊन करून येण्याचं तुम्हीच काढलंत तर सांगते, मी स्वतः चार महिने केलंय, बाळंतपणानंतर रुजू झाले तेव्हा. आधी कधीही ते केलं नव्हतं, उभंच राहायचे, काही वाटायचं नाही. चार महिने कल्याणहून बसून आले. नंतर तब्येत ठीक झाली तरी सुटेना, कारण आता सीट ही माझी खुंटी झाली होती. आधी उभं राहणं म्हणजे नेहमीचं होतं, आता उभं राहणं म्हणजे सीट गमावणं. शरीर तेच, गाडी तीच. शेवटी मुलाच्या शाळेची वेळ बदलली तेव्हा ते वीस मिनिटं सोडावे लागले आणि पहिले दोन आठवडे पाय खरंच जास्त दुखले मला. म्हणजे गुडघेही खरे आहेत आणि खुंटीही खरी आहे.

जुना_बेस्टकर

नमस्कार. मी निवृत्त आहे, परळला राहतो, बसनं फिरतो. आमच्याकडचं उदाहरण देतो, ते फार स्वच्छ आहे.

जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं, एसीचं ६. पहिले काही दिवस बसमध्ये लोक कंडक्टरला दोनदोनदा विचारत होते, खरंच पाच? मग विसरले. पाच रुपये हेच बसचं भाडं असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. ९ मे २०२५ पासून ते १० झालं, एसीचं १२. आता थांब्यावर जो तो म्हणतो दुप्पट केलं, दुप्पट. आणि दुप्पटच आहे, चूक नाही त्यात. पण मी माझ्या शेजाऱ्यांना म्हटलं, अहो सहा वर्षांपूर्वी तुम्ही आठ देत होता, म्हणजे सहा वर्षांत दोन रुपये वाढले. ते मला म्हणाले, काका, आठ कुणाला आठवतंय.

मेट्रो वनचंही तसंच झालं होतं. सुरुवातीचा महिनाभर सरसकट दहा रुपये. माझी मुलगी तेव्हा साकीनाक्याला नोकरीला होती. जानेवारी २०१५ ला १० ते ४० झालं तेव्हा ती परत बसकडे वळली होती काही महिने. तिला मी विचारलं, समजा पहिल्याच दिवशी चाळीस असते तर? ती म्हणाली मग गेले असते बहुतेक, रोजचा तास वाचत होता ना.

म्हणून माझं म्हणणं, भाडं कमी ठेवायचं तर ठेवाच, त्यातच गरिबाचं हित आहे. पण कमी करून सहा वर्षांनी एका दिवसात दुप्पट हे माणसाला सोसत नाही. दरवर्षी चार आठ आणे वाढलं असतं तर कुणी बस सोडली नसती. आमच्या थांब्यावरचे तिघं जण मिळून आता रिक्षा करतात. मीटरचे २६, तिघांत पावणेनऊ. बसच्या दहापेक्षा कमी! पाच होते तेव्हा हा विचार त्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

घोडबंदर_गाडीवाला

@जुना_बेस्टकर काका, परळला रिक्षा? दक्षिणेकडे सायनपुढे रिक्षा येत नाहीत ना?

जुना_बेस्टकर

बरोबर पकडलंत, लिहिताना घोळ झाला. थांबा म्हणजे माझ्या मुलीच्या घराजवळचा, कुर्ल्याचा. मी आठवड्यातले तीन दिवस तिकडे असतो नातवासाठी. परळला टॅक्सीच, तिचे किमान ३१.

घोडबंदर_गाडीवाला

ओके काका. आता माझं सांगतो, आणि मला हे लिहायला जड जातंय कारण मी स्वतःला हिशेबी समजतो.

घोडबंदरहून विक्रोळी. २०२४ पर्यंत आठवड्यातले दोन दिवस गाडी काढायचो, बाकी दिवस बस आणि ट्रेन. का, तर टोल. ४५ रुपये. जाऊन येऊन पेट्रोल किती जळतं हे मी कधी मोजलं नव्हतं कारण ते महिन्यातून चार वेळा पंपावर एकदम जातं, पण टोलनाका रोज समोर उभा असायचा, तिथे काच खाली करून पैसे, नंतर फास्टॅगचा मेसेज, टुंग. ते टोचायचं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला आणि मी दुसऱ्या आठवड्यापासून चार दिवस गाडी काढायला लागलो. सहज, विचार न करता.

आता वर्षभराचा पेट्रोलचा आकडा बायकोनं काढून दाखवला. तो टोलच्या कित्येक पट आहे, आणि घोडबंदरच्या जॅममध्ये गेलेले तास वेगळेच. म्हणजे ४५ रुपयांनी मला ट्रेनमध्ये ठेवलं होतं आणि तेच माझ्या फायद्याचं होतं.

अटल सेतूचं माझ्या भावाकडून ऐकतो, तो उलव्याला राहतो. सुरू झाला तेव्हा कारला एका वेळचे २५०. तो म्हणतो अडीचशे कुठे, वाशीवरून जातो. मी म्हटलं वाशीवरून किती वेळ आणि पेट्रोल? म्हणतो ते जातंच की रोज. जातंच की रोज, हे वाक्य मी पण बोलायचो.

वेळेचा_हिशेब

@घोडबंदर_गाडीवाला, खूप प्रामाणिक लिहिलंत. यावर स्टॉकहोमचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिने शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून प्रयोग केला. सुरू होण्याआधी बहुसंख्य लोक विरोधात होते. हद्दीवरची वाहनं साधारण वीस टक्क्यांनी कमी झाली आणि रस्ते मोकळे दिसले. सप्टेंबरमध्ये शहरात मतदान झालं तर बाजूनं कौल, आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. लोकांचे विचार बदलले असं म्हणतात, मला वाटतं खुंटी हलली. आधी मोकळा रस्ता ही कल्पना होती आणि शुल्क हा तोटा होता. सात महिन्यांनी मोकळा रस्ता हातात होता, आता तो जाणं हा तोटा.

आपल्याकडे उलट झालं, टोल गेला आणि आता तो परत आणणं कुठल्याच सरकारला सोपं नाही.

कळव्याची

एक गोष्ट मात्र नीट बोलूया, कारण अशा चर्चेत हळूहळू असा सूर येतो की लोकांना उगाच वाटतं, मनाचे खेळ आहेत.

ऑगस्ट २०२२ आठवा. सेंट्रलवर दहा फेऱ्या साध्याच्या एसी केल्या. कळव्याला लोक रस्त्यावर म्हणजे रुळांवर उतरले, बदलापूरलाही आंदोलन झालं, आणि आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. तेव्हा मोठमोठ्या लोकांनी लिहिलं की सामान्य प्रवाशाला सुधारणा नकोत. अरे, ज्याच्याकडे सेकंडचा पास आहे त्याच्यासाठी त्या वेळेची गाडी नाहीशीच झाली ना. ती समोर येते, थांबते, दारं उघडतात, आणि आपण चढू शकत नाही. पुढची साधी गाडी दुप्पट भरून येणार. हा मनातला तोटा नव्हता, पायाखालचा होता.

दहा नव्या एसी फेऱ्या जास्तीच्या घातल्या असत्या तर एक माणूस बोलला नसता. कुणाची ठरलेली गाडी काढून घेऊन दुसऱ्याला दिली की भडका उडणारच, आणि माझ्या मते उडायलाच हवा. टाइमटेबल बनवणाऱ्यांनी खुंटीचा अभ्यास करावा तो यासाठी. किती फेऱ्या वाढल्या हे जाहीर करतात, कुणाची गेली हे कुणी सांगत नाही.

पासवाला_ठाणे

+१००. शेवटचं वाक्य अगदी.

नवीन_मुंबईत

मी जूनमध्ये साताऱ्याहून आले, नोकरीसाठी. चेंबूरला पीजी, बीकेसीला ऑफिस. तुमच्या सगळ्यांचं वाचून मला माझं वेगळंच दिसतंय, मला मुंबईतली खुंटीच नाहीये अजून.

साताऱ्यात गाडीवरून दहा मिनिटांत कुठेही. इथे पन्नास मिनिटं लागतात आणि रूममेट म्हणते किती लकी आहेस. मी पहिला महिना रोज रडायचे, खरंच. तिचं मोजमाप बदलापूर आहे, तिची आधीची रूम तिथे होती. आम्ही दोघी एकाच दारातून एकाच वेळी निघतो, एकीला जिंकल्यासारखं वाटतं एकीला हरल्यासारखं.

पण एक फायदा झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं की अमुक ऑफिसला अमुक रस्त्यानंच जातात, म्हणून मी पहिल्या तीन आठवड्यांत सगळं करून बघितलं, बस, शेअर रिक्षा, कुर्ल्यावरून, एकदा सायनवरून चालत पण. आता जो रस्ता धरलाय तो ऑफिसातल्या बारा वर्षं येणाऱ्या मॅडमना माहीतच नव्हता. त्यांनी मागच्या आठवड्यात माझ्याबरोबर येऊन बघितलं आणि नऊ मिनिटं वाचली त्यांची.

वेळेचा_हिशेब

@नवीन_मुंबईत, तुमची ही गोष्ट ऐकून लंडन आठवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, बरीच स्टेशनं बंद. लोकांनी नाइलाजानं दुसरे रस्ते धरले. नंतर अभ्यासकांनी प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी बघितल्या तर साधारण पाच टक्के लोक संप संपल्यावरही जुन्या रस्त्याला परतलेच नाहीत. वर्षानुवर्षं चुकीच्या रस्त्यानं जात होते आणि बदलायला कारणच मिळालं नव्हतं.

आपल्याकडे २०२४ च्या मे अखेर तो रेल्वेचा ६३ तासांचा ब्लॉक झाला होता, ठाण्याच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मसाठी आणि सीएसएमटीच्या दहा-अकरासाठी. तेव्हा कुणी नवा रस्ता शोधला आणि तोच धरून ठेवला असं आहे का इथे?

पासवाला_ठाणे

मी! वाशीला क्लायंट होता, नेहमी कुर्ल्याला उतरून हार्बरनं जायचो, कारण नोकरी लागली तेव्हा सिनियरनं तसं दाखवलं होतं. त्या शुक्रवारी ट्रान्स हार्बरनं ठाण्याहून थेट गेलो. ठाण्यात राहून हे मला सुचलं नव्हतं याचं अजून वाईट वाटतं. परत कुर्ला केला नाही.

विरार_रोजचा

हे मात्र पटलं. आमच्याकडे पण माणसं दादरला उतरून पूल ओलांडण्यात किती वेळ घालवतात, का तर बाबा तसेच जायचे. उद्या बघतो माझं काही आहे का तसं.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. @कळव्याची, तुमचा प्रतिसाद मी ग्रुपवर वाचून दाखवला, सगळ्या जणी गप्प झाल्या होत्या.

धागा टाकल्यावर मी एक वही केली. रोज चार वेळा लिहायच्या: घरून निघाले, गाडी आली, घाटकोपर, ऑफिसची खुर्ची. तीन आठवडे लिहिल्या. पहिले पाच दिवस ७:४९. खुर्चीत ९:०६, ९:०४, ९:०९ अशी. मग विचार केला, मेट्रो तीनचे मिनिटं हाताशी आहेतच, तर पुढची ८:०७ का नको? सात दिवस ती केली. ती बदलापूरहून येते, बारा डब्यांची, सेमी फास्ट. खुर्चीत ९:२७ च्या आसपास, एकदा ९:३४. लेटमार्क ९:४० नंतर लागतो. म्हणजे कागदावर मी एकदाही चुकले नाही, आणि सकाळी घरात अठरा मिनिटं जास्त मिळाली. मुलाला व्हॅनमध्ये मी बसवलं, सासूबाईंना उतरावं लागलं नाही.

तरी मुलुंड गेलं की पोटात गोळा यायचा. रोज. सातव्या दिवशी थोडा कमी होता. वेळेचा_हिशेब यांनी दोन खुंट्या सांगितल्या ना, मला वाटतं माझी मस्टरची खुंटी साडेनऊ नव्हतीच, ती सव्वानऊला जाऊन बसली होती आणि मीच तिला साडेनऊ समजत होते.

पण खरी अडचण वहीत येत नव्हती. ८:०७ ला माझं कुणी नाही. ७:४९ ला नऊपैकी पाच जणी टिकल्यात. तिसऱ्या खांबाच्या पुढे, जिथे प्लॅटफॉर्मची फरशी जरा खचलीये आणि पावसात पाणी साठतं, तिथे आमचं दार येतं. एक जण डब्याचं झाकण उघडून ठेवते, एक जण खिडकीतल्या बाईला विचारून ठेवते कुठे उतरणार, मुलुंड म्हणाली की ती सीट मुलुंडपासून आमच्यातल्या जिचे पाय सुजलेत तिची. मी बाळंतपणानंतर परत आले तेव्हा चार महिने कल्याणला जायचे खरं, पण परत रुळल्यावर डोंबिवलीला या बायकांनी माझी पर्स आत ओढून घेतली होती म्हणून मी चढू शकले होते. हे कुठल्या खुंटीवर टांगायचं मला कळत नाही, मिनिटांच्या तर नाहीच.

चौघी गेल्या ८:०७ आणि ८:१५ ला, त्यांच्या त्यांच्या घरच्या वेळा आहेत. त्यातल्या एकीचा काल मेसेज आला की तिकडे तिला अजून कुणी सीट विचारत नाही.

तर सध्या असं ठरवलंय. सोमवार आणि गुरुवार, मुलाची व्हॅन लवकर येते, तेव्हा ८:०७. बाकी तीन दिवस ७:४९. आणि सोमवारी-गुरुवारी त्या मेसेजवालीला माझ्याबरोबर एकाच दारात उभं करायचं, म्हणजे तिकडेही दोघी झालो. वही अजून चालू ठेवतेय. महिन्यानं परत येऊन पोटातल्या गोळ्याचं काय झालं ते लिहीन.

@नवीन_मुंबईत, तुमचा तो चेंबूर-बीकेसीचा रस्ता सविस्तर टाका ना इथे, माझी नणंद तिकडेच येतेय पुढच्या महिन्यात.

नवीन_मुंबईत

हो ताई, रात्री टाकते, कुठल्या जिन्यानं चढायचं ते पण लिहीन. तोच जिना चुकला की सगळी मिनिटं जातात.